क्ले बार किट: माती एकदम भारी, सोबतचं बाकी सामान जेमतेम

गाडी धुतली, पुसली, लांबून मस्त चमकतेय पण बॉनेटवरून हात फिरवला की खरखर लागते, असं होत असेल तर हे क्ले बारचं, म्हणजे पेंटवर फिरवून चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मातीच्या वडीचं, किट कामाचं आहे. ती खरखर शाम्पूने जात नाही कारण ती नुसती धूळ नसतेच, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण, झाडाचा चीक, कुठे रंगकाम चालू असेल तर त्याचे तुषार, असलं सगळं क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) घट्ट चिकटून बसलेलं असतं. खात्री करायची असेल तर धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न जाणवलेलं पण लगेच जाणवतं.

तर किटमधली माती खरंच चांगली आहे. फाईन ग्रेडची, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की लगेच मऊ होते. पूर्ण वडी एकदम वापरू नका, छोटा तुकडा तोडून चपटा करा, माती सरकावी म्हणून किटमधला निसरडा स्प्रे भरपूर मारा आणि दाब न देता पुढेमागे सरकवत राहा. आधी घासल्यासारखा आवाज येतो, हाताला अडखळतं, मग हळूहळू दोन्ही कमी होतं आणि माती अलगद सरकायला लागते, म्हणजे तेवढा भाग झाला. दरवाजांच्या खालच्या पट्ट्यावर तुकडा फिरवून उलटा करून बघा, तपकिरी झालेला असतो. मग घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर काढायची. आणि हातातून खाली पडला तर सरळ फेकून द्या, धुवून वापरायचा मोह नको, त्यात रुतलेली वाळू पुढच्या पॅनलवर ओरखडे काढणार.

आता तक्रारी. स्प्रेची बाटली फारच छोटी, अख्खी गाडी होईपर्यंत पुरणं शक्यच नाही. पाण्यात थोडा पीएच न्यूट्रल कार शाम्पू मिसळून काम भागतं, पण मग किट कशाला म्हणायचं? मायक्रोफायबर फडकं पातळ आहे, शिवाय कडेला कडक शिलाई, मी ते चाकांसाठी ठेवलंय. पेंटसाठी बिनशिलाईचं जाड फडकं वेगळं घ्या आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, पाणी शोषायचं बंद होतं. स्प्रे वॅक्स ठीकठाक, पाण्याचे थेंब सुरुवातीला छान घरंगळतात, नंतर चार पाऊस झाले की संपलं. पण क्ले केल्यावर जुनं वॅक्स निघून जातं त्यामुळे वरून काहीतरी लावावंच लागतं, माझ्या मते सिलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) लावा, जास्त टिकतं.

बॉक्सवर ‘नव्यासारखी गाडी’ वगैरे लिहिलंय त्यावर जाऊ नका. उन्हात गोल गोल जाळं दिसतं ना, ते स्वर्ल मार्क याने जात नाहीत, त्याला पॉलिशच लागतं. उलट कोरडी माती घासली तर नवीन ओरखडे पडतात, काळ्या गाडीवर तर लगेच दिसतात. आणि ते जाळं मुळात बऱ्याचदा धुताना-पुसतानाच पडतं, एकाच बादलीत तेच घाण फडकं बुचकळून. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला, त्याला वेगळा खर्च नाही.

पाचपैकी साडेतीन. माती सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या. वर्षातून एकदोनदाच लागते त्यामुळे वडी भरपूर पुरते, उरलेली हवाबंद डब्यात ठेवा नाहीतर कडक होते.