पाण्याच्या एमएस्सीचे दहा महिने आणि हुकलेलं उन्हाळी आवर्तन

४ जूनला आटपाडीत उतरले तेव्हा टेंभू उपसा सिंचन योजनेचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, बंद होऊन चार दिवस झाले होते. पोटकालव्यात हिरवट डबकी उरली होती. माझा प्रबंध आहे पाण्याच्या एकाच पाळीत हेडच्या (कालव्याच्या सुरुवातीच्या) आणि टेलच्या (शेवटच्या) शेतकऱ्याला किती पाणी पोचतं यावर. बांधावर बसलेले तात्या म्हणाले, "पोरी, पाणी बघायला आलीस आन् पाणी गेल्यावर?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर एका अर्जात अडकलं होतं, आणि या कोर्सबद्दल लिहायचं तर त्या अर्जाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

इंग्लंडमधला एक वर्षाचा 'वॉटर सिक्युरिटी अँड इंटरनॅशनल डेव्हलपमेंट'चा एमएस्सी. १८० क्रेडिट, त्यातले ६० प्रबंधाचे, आयेल्ट्स, व्हिसा हे सगळं शोधणाऱ्यांना पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, माझा प्रबंध अजून तपासायचा आहे. मी सांगलीतून सिव्हिल केलं, दोन वर्षं पाणीपुरवठ्याच्या साइटवर काढली, आणि नानांनी डाळिंबाची बाग तारण ठेवून कर्ज काढलं. फी २२ लाख. वर्गातले तास मी मोजले: २४ आठवडे, आठवड्याला ८ तास, म्हणजे १९२. तासाला साडेअकरा हजार रुपये पडले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि एकही तास चुकवला नाही.

पहिले दोन महिने मत वाईट होतं. नुसत्या व्याख्या. ग्रे आणि सॅडॉफ यांच्या पाणीसुरक्षेच्या २००७ च्या व्याख्येचे दोन भाग आहेत: गरजेपुरतं चांगलं पाणी मिळणं, आणि पाण्यापासूनचा धोका सोसवेल इतकाच असणं. सांगलीकराला यातलं काय शिकवायचं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात जत-आटपाडीला टँकर फिरत होते. मग स्वीडिश जलतज्ज्ञ फाल्कनमार्क यांचा पाणीटंचाईचा निकष आला. माणशी वर्षाला १७०० घनमीटरच्या खाली ताण, १००० च्या खाली टंचाई. जिल्ह्याची सरासरी काढली की वाळव्याचा ऊस आणि जतची कुसळं एकाच खात्यावर जमा होतात. शिवाय हिशेब वर्षाचा. आमच्याकडे पाणी वर्षात मोजत नाहीत, पाळीत मोजतात. बहार धरलेल्या डाळिंबाला पाणी त्या पंधरवड्यात हवं, नंतर धरण भरून वाहिलं तरी त्या फळाला काय त्याचं?

तरी एक सांगते. माझ्याशेजारी बसणारी मुलगी अम्मानची. जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला १०० घनमीटरसुद्धा पाणी नाही. आठवड्यातून एकदा नळ येतो, तेव्हा घरातली सगळी कामं टाकून गच्चीवरच्या टाक्या भरायच्या. ती हे सांगत होती आणि मला आमची आई दिसत होती. १७०० चा आकडा तिलाही आवडत नव्हता. त्या दिवशीच्या गप्पांचे पैसे वसूल झाले असं मी वहीत लिहिलंय.

दुसऱ्या सेमिस्टरला मत बदललं. भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांच्या आभासी पाण्याचं, म्हणजे शेतमालासोबत परदेशी जाणाऱ्या पाण्याचं व्याख्यान झालं त्याच आठवड्यात दुकानात भारतातून आलेली द्राक्षं दिसली. विकत घेतली नाहीत, महाग होती; पण खोक्यापुढे बराच वेळ उभी होते. तासगावकडच्या बागांना टँकरनं घातलेलं पाणी डोळ्यापुढून जाईना. मग झैतून आणि वॉर्नर यांची २००६ ची 'हायड्रो-हेजेमनी'ची मांडणी आली. नदीवर वरचढ कोण ठरतो? उगमाशी असलेला ठरतोच असं नाही. बळ, पैसा, माहिती ज्याच्या हातात आणि ज्याचा शब्द चालतो, तो. ही मांडणी नाईल-जॉर्डनसारख्या नद्यांसाठी आहे. मी ती कृष्णेला लावली. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादानं ७५ टक्के विश्वासार्हतेवर, म्हणजे चारातली तीन वर्षं मिळेल अशा हिशेबानं, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, इथून सुरुवात केली आणि थेट आमच्या पोटकालव्यापर्यंत आले. तीच मांडणी शेताकडे पाणी सोडणाऱ्या चेंबरलाही लागू पडते.

वर्गात कुणाला टीएमसी माहीत नव्हतं, फळ्यावर करून दाखवलं. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. टेंभूचं मूळ नियोजन २२ टीएमसी आणि ८०,४७२ हेक्टर. भागाकार केला तर हेक्टरी पाऊण मीटरपेक्षा जास्त उंचीचं पाणी येतं. आटपाडीच्या वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त! मग टेलला कोरडं का? कराडजवळून टप्प्याटप्प्यानं पाणी वर चढवायची वीज, त्या बिलाची सरकार ८१ आणि शेतकरी १९ टक्के ही वाटणी, थकलेली पाणीपट्टी, वाटेतले उपसे. तासभर चर्चा चालली. १९९३ पासून आमच्या भागात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या चळवळीनं समन्यायी वाटप मागितलं, पाणी जमिनीला नव्हे तर कुटुंबाला द्या म्हटलं, भूमिहीनालासुद्धा. हे मी मांडलं तेव्हा प्राध्यापिका लिहून घेत होत्या. त्या एका मॉड्यूलसाठी हा कोर्स करावा, असं मी तेव्हा सगळ्यांना कळवलं होतं.

आणि मग तो अर्ज. एथिक्स, म्हणजे संशोधनातली नीती, आणि फील्डवर्कच्या जोखमीचा. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला एकच नमुना, आणि माझं गाव त्यांच्या लेखी परदेश. जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर, उष्माघात झाला तर काय, स्थानिक भाषा कोण बोलणार. एप्रिलच्या सुरुवातीला दिला. एकदा संमतीपत्राचं मराठी भाषांतर नाही म्हणून परत. ते दिलं, तर भाषांतर बरोबर असल्याचं कोण सांगणार म्हणून परत. समिती महिन्यातून एकदा बसते. मी मेल केले, फोन केले, प्रत्यक्ष जाऊन सांगितलं की मे अखेरीला पाणी बंद होतं. उत्तर आलं की तारखा पुढे ढकला. कालवा माझ्या तारखेनं चालतो का? सात आठवड्यांनी मंजुरी आली, तोवर तिकीट अठरा हजारांनी वाढलं होतं. आमच्याकडे पाणी मागायला सात नंबरचा अर्ज भरावा लागतो, पण त्याची मुदत आवर्तनाच्या आधी ठरलेली असते.

इथपर्यंत मी जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. आता जुलै आहे आणि एक भर घालायलाच हवी.

टेलच्या एका काकींनी तासभर सांगितलं. रात्री वरच्या चेंबरमधनं कोण मोटर लावतं, कधी लावतं, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चालत घरी आल्या. "ते मोटरीचं खोड बाई. चुलत दिराचंच रान हाय वर. मला हितंच नांदायचंय." संमतीपत्रात लिहिलंच होतं, की बोलणारीनं सांगितलं तर तेवढा भाग काढायचा. वहीत त्यांचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. त्यांच्यासमोर ते पान फाडलं. दोन वर्षं साइटवर असताना मी लोकांची नावं, गट नंबर बिनदिक्कत लिहून घ्यायचे. कुणाला त्याचा त्रास होईल हे मनातही आलं नव्हतं. बोलणाऱ्याची ओळख जपण्याबद्दलच्या, त्या अर्जातल्या चौथ्या पानानं ते शिकवलं. म्हणून अर्ज नको, असं आता म्हणत नाही. सात आठवडे मात्र मला आजही मान्य नाहीत.

जाणार असाल तर प्रबंधाचा विषय नोव्हेंबरात ठरवा, अर्ज जानेवारीत द्या, संमतीपत्राचं मराठी आधीच करून ठेवा, आणि पाटबंधारे शाखेत फोन करून आवर्तनाच्या तारखा घेऊन त्या अर्जातच लिहा. शिष्यवृत्ती न मिळता पूर्ण कर्जावर जाणार असाल, तर मी जा म्हणणार नाही. नानांच्या सहीचा कागद मी बघितलाय.

प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा आहे. ३१ चेंबरची यादी तयार आहे. पाळीचे किती तास मिळाले ते लोकांनी आठवून सांगितलं, तो रकाना भरलाय. मोजलेल्या प्रवाहाचे दोन रकाने कोरे आहेत. पुढच्या आवर्तनात ते भरायला मी थांबणार आहे. तेव्हा मार्क मिळून गेलेले असतील, पण तात्यांना आकडा हवा आहे.