वकिलीतून पुढे: खेरांचा रस्ता की छागलांचा?
भाची लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं सध्या एकच चाललंय, मामा आत्तापासूनच पार्टीचं काम धरू का आधी कोर्टात पाय रोवू, कारण शेवटी तिला परदेशात देशाची बाजू मांडायचीय. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

कोर्ट, सरकार आणि परराष्ट्र हे तिन्ही केलेली दोन माणसं आपल्या मुंबईतच होऊन गेली, बाळासाहेब खेर आणि एम. सी. छागला. दोघंही लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणजे तिथले आपले राजदूत होते, खेर १९५२ ते ५४ आणि छागला १९६२-६३ ला. खुर्ची तीच पण पोचले अगदी वेगळ्या रस्त्यांनी.

खेर सॉलिसिटर. प्रॅक्टिस चालू असतानाच स्वराज्य पक्षाचं काम, मग सत्याग्रह, तुरुंग, आणि १९३७ ला मुंबई प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. १९३९ ला काँग्रेस पक्षाने सरकार सोडायचं ठरवलं, यांनी सोडलं. १९४६ ला परत आले ते १९५२ पर्यंत. म्हणजे मिळालं ते पक्षाच्या जोरावर आणि सोडायचं तेही पक्ष सांगेल तेव्हा.

छागलांचं उलटं. ऑक्सफर्ड, १९२२ ला बॅरिस्टर, काही काळ जीनांच्या चेंबरमध्ये, १९४१ ला हायकोर्ट जज, आणि १९४७ ते १९५८ मुंबईचे चीफ जस्टिस. १९५६ ला त्यांनी हायकोर्टात टिळकांच्या शब्दांची पाटी लावली, ज्या कोर्टाने १९०८ ला टिळकांना शिक्षा दिली त्याच कोर्टात, हे मला आजही फार मोठं वाटतं. १९५८ ला मुंदडा प्रकरणाची (एलआयसीचे पैसे उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याचा घोटाळा) चौकशी त्यांनी उघड्यावर, लोकांसमोर केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. त्यानंतर वॉशिंग्टनला अॅम्बॅसॅडर, मग लंडन, १९६३ ला शिक्षणमंत्री, १९६६ ला परराष्ट्रमंत्री, सगळं बोलावणं आल्यावर.

गंमत म्हणजे दोघांची गाठ कोर्टात पडलेली आहे. खेर सरकारच्या दारूबंदी कायद्याची काही कलमं १९५० ला छागला आणि गजेंद्रगडकरांच्या बेंचने रद्द केली, पण खेरांच्याच काळातला हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा कायदा त्याच बेंचने पुढच्या वर्षी टिकवला. कायदा करायला आवडतं का तो तपासायला, हे भाचीला मी पहिलं विचारलं.

मला स्वतःला छागलांचा रस्ता जास्त पटतो आणि कारण एकच, १९६७ चा राजीनामा. उच्च शिक्षणातून इंग्रजी घाईने काढायला त्यांचा विरोध होता, सरकार ऐकेना, तर परराष्ट्रमंत्रीपद सोडलं आणि परत वकिली सुरू केली. आणीबाणीतही उघड बोलले. हातात स्वतःचं काम असलं की मान खाली घालावी लागत नाही. पण डाग नाही असंही नाही, जजने निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये असं ज्या लॉ कमिशनने १९५८ ला सुचवलं त्यात हे स्वतः मेंबर होते आणि त्याच वर्षी अॅम्बॅसॅडर झाले. ती टीका मला योग्य वाटते.

आता आजचं बघू. हायकोर्ट जज व्हायला किमान १० वर्षं प्रॅक्टिस लागते, निवृत्ती ६२ ला, आणि ज्या हायकोर्टात कायम जज होतात तिथे परत वकिली करता येत नाही. आमदार-खासदाराला मात्र वकिली करता येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तसं स्पष्ट केलंय, म्हणजे खेरांसारखं दोन्ही एकत्र चालवणं अजून शक्य आहे. आणि डिप्लोमसीच मुख्य असेल तर राजकारणातून अॅम्बॅसॅडर होणारे आता फार थोडे, सरळ यूपीएससी देऊन फॉरेन सर्व्हिसला जावं, ओपनला वयाची मर्यादा ३२ आहे, तेव्हा ते ठरवायला फार वेळ नाही.

भाचीला म्हटलं, लोकांच्यात बसायला, वॉर्डात फिरायला मनापासून आवडत असेल तर खेरांसारखं आत्ताच सुरू कर पण सनद सोडू नको. नसेल आवडत तर आधी १० वर्षं कोर्टात घाल. ती म्हणाली, मामा, मला दोन्ही आवडतं. मग म्हटलं या सुट्टीत एखाद्या वॉर्ड ऑफिसात जाऊन बस महिनाभर, मग बोलू.