८०८ नॅनोमीटरचा डायोड लेसर: आठ महिने रोज वापरल्यानंतर

म्हापशात हे मशीन आठ महिने रोज चालतंय. केस काढायला चांगलंच आहे, पण स्क्रीनवरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका.

स्क्रीनवर दिसतो तो फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती जूल. पॉवर डेन्सिटी वेगळी. तेवढे जूल किती वेळात ओतले यावर ती ठरते. याची प्रकाश बाहेर पडायची खिडकी १२ बाय १२ मिलिमीटर, म्हणजे १.४४ चौरस सेंटिमीटर. फ्लुएन्स २० लावला की एका शॉटला २८.८ जूल. ते ३० मिलिसेकंदांत गेले तर साधारण ६६७ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर, १० मिलिसेकंदांत गेले तर २०००. जूल तेवढेच, पण सावळ्या त्वचेच्या वरच्या थराला उष्णता सोडायला सवड मिळत नाही आणि तो भाजतो. केसाचं मूळ जाड, ते उष्णता जास्त वेळ धरतं, म्हणून आपल्याकडे लांब पल्सच (एका शॉटचा वेळ) बरी. पल्सचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे. तो वाचल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नका.

सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे: हे मशीन बाहेर पडणारी ऊर्जा स्वतः मोजत नाही. सहाव्या महिन्यात एनर्जी मीटर लावला तर २८.८ च्या जागी २३ जूल. म्हणजे स्क्रीनवर २०, त्वचेवर १६. परिणाम दिसेना म्हणून आकडा वाढवत नेला आणि मग सर्व्हिसमध्ये डायोड बार (लेसर तयार करणारा भाग) बदलला, की तोच वाढीव आकडा फोड आणतो. बार बदलल्यावर जुन्या नोंदी बाजूला ठेवून टेस्ट शॉटपासून सुरुवात करावी. मुळांभोवती हलकी लाली आणि सूज आली की पुरे. त्वचा पांढरी किंवा राखाडी पडली तर तिथेच थांबा.

पावसाळ्यात थंड हँडपीसच्या (त्वचेवर टेकवायचा हातातला भाग) आत दव धरतं. आधी अर्धा तास एसी चालवून खोली कोरडी करा, मगच चिलर (पाण्याने थंड करणारी यंत्रणा) लावा. चिलरमध्ये डिस्टिल्ड पाणीच, नळाचं नको. हँडपीसच्या नीलमाच्या (सफायर) टोकावर जळका केस चिकटला तर तो ठिपका तापून तेवढ्याच जागी डाग पडतो. वीसेक शॉटनंतर ओल्या गॉजने पुसावं. आदल्या दिवशी शेव्हिंग हवं, वॅक्सिंग केलेलं चालत नाही.

कळंगुट-बागाला उन्हात रापून आलेल्यांना चार आठवडे थांबवा, कितीही घाई असली तरी.