छोट्या ग्लासातलं गोड: चमच्याने भरावं, पिशवीने की किटलीने?

साखरपुडा असो, हळदीकुंकू असो की होमस्टेला उतरलेली पाहुणेमंडळी, माशांच्या जेवणावर वाटीभर गोड घ्यायला कुणी धजत नाही. तेच दोन-तीन घासांचं, काचेतून थर दिसणारं काही पुढे आलं की ‘पुरे पुरे’ म्हणणारेही हात पुढे करतात. प्रकार मूळचा फ्रेंच. फिलीप कोंतिसिनी या पेस्ट्री शेफला १९९४ मध्ये तो पहिल्यांदा मांडल्याचं श्रेय देतात. आपल्याकडे शॉट ग्लास डेझर्ट म्हणून तो आला आणि आता त्यात चक्का, हापूस, नारळाचा रस, कोकम असं घरचंच सगळं भरलं जातं.

ऑर्डर घ्यायची किंवा घरच्या कार्याला हे करायचं मनात असेल, तर आधी दोन गोष्टी ठरवा: ग्लास कशाने भरायचे आणि आतलं गोड कशाच्या आधाराने उभं राहणार. चवीचा प्रश्न मी घेत नाही. आमच्याकडे श्रीखंड न जमणारी बाई शोधावी लागेल. पण काचेच्या आतल्या बाजूला एक जरी ओघळ दिसला तरी कितीही चांगलं श्रीखंड उष्ट्यासारखं दिसतं. मिठाईच्या दुकानातल्या मालात आणि घरगुती मालात फरक पडतो तो इथेच.

हिशोबापुरतं सांगते. ग्लास ६० मिलीचा घ्या, भरा ५० पर्यंतच. ३० जणांना दीड लिटर ऐवज लागतो, त्यापेक्षा जास्त करू नका.

भरायचं कशाने

चमचा घरात असतो म्हणून सगळ्यांची सुरुवात त्यानेच होते. कोरड्या थराला चमचाच बरा: बिस्किटांचा चुरा, काजूची भरड, भाजलेलं खोबरं. लांब दांड्याचा मिळाला तर उत्तम. श्रीखंड मात्र चमच्याने टाकायला जाल तर निम्मं काठाला लागतं आणि पुसायला गेलं की आणखी फासतं.

घट्ट ऐवजाला, म्हणजे चक्का, श्रीखंड, फेटलेलं क्रीम यांना, पायपिंग बॅगला तोड नाही. ती हातात धरून भरू नका. उंच पेल्यात उभी करा, तोंडाची कड पेल्यावर बाहेरून दुमडून घ्या आणि दोन तृतीयांशच भरा. वरून पीळ घाला, टोक साधारण एक सेंटीमीटर कापा. नोझल लागत नाही. आता टोक थेट ग्लासाच्या तळाशी, मधोमध न्या आणि न हलवता दाबत राहा. ऐवज मधून कडेकडे सरकतो आणि काचेला आतूनच टेकतो, त्यामुळे वरच्या काचेला काही लागत नाही. टोक ऐवजात बुडालेलंच ठेवून पिशवी हळूहळू वर घ्यायची. थांबताना आधी दाब सोडायचा, मग पिशवी उचलायची. उलट केलंत की शेपूट ओढली जाते आणि काठावर पडते. वर राहिलेलं टोक ओल्या चमच्याच्या पाठीने दाबून बसवा. ग्लास दुमडलेल्या पंचावर एकदा आपटला की आतली हवा निघून थर सपाट होतो. चारोळी, पिस्त्याचे काप पिशवीत घालू नका, तोंडाशी अडकतात आणि मग एकदम भसकन बाहेर येतात.

बॅग नसेल तर दुधाची पिशवी धुऊन, कोपरा कापून काम होतं. घरच्या कार्यक्रमाला ठीक. पैसे घेऊन देत असाल तर नको. कितीही धुतली तरी दुधाचा वास शिवणीत राहतो आणि हापूसच्या रसाला तो लगेच लागतो.

सॉसची पिळायची बाटली दिसायला सोयीची, पण तिचं काम थोडंच. काकवीची धार, अमृत कोकमाचे थेंब, वरची नक्षी यासाठी छान. थर भरायला घेतलीत की दर दाबानंतर ती हवा आत ओढते आणि पुढच्या दाबाला पचकन थुंकते. ते शिंतोडे थेट काचेवर.

पातळ ऐवजाला आपली चहाची छोटी किटली. यावर काही जणी हसतात, हसू देत. नारळाच्या रसाचा किंवा कोकमाचा थर गरम-कोमट असताना पाण्यासारखा असतो. तो पिशवीत घातला तर टोक कापताक्षणी ओट्यावर. किटलीची चोच बारीक, धार हातात राहते. खालच्या थरावर चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवर धार सोडली की खड्डा पडत नाही. नरसाळ्यानेही जमतं, पण दर ग्लासाला ते उचलून ठेवताना त्याच्या टोकाचा थेंब पडतो तो पडतोच.

तात्पर्य शोधत बसू नका: घट्टाला पिशवी, पातळाला किटली, कोरड्याला चमचा.

उभं कशाने राहणार

खरी निवड इथे आहे, आणि ती आपल्या हवेनेच बरीचशी ठरवून टाकली आहे. जिलेटिनचा थर तोंडात लोण्यासारखा विरघळतो, मऊपणात त्याच्या जवळ काही जात नाही. पण विरघळतो तो ३०-३५ अंशांच्या आसपासच, म्हणून तर तोंडात पाणी होतं. मालवण-देवगडला मे महिन्यात मांडवातलं तापमानही तेवढंच. बुफेवर ग्लास मांडून पाहुणे येईपर्यंत थरांची सरमिसळ झालेली असते. शिवाय ते जनावरांपासून केलेलं. हळदीकुंकवाला किंवा कुणाच्या सोमवारच्या उपासाला विचारलं तर काय सांगणार? कच्ची पपई किंवा ताजा अननस घातला तर ते जमतच नाही, कारण त्या फळांतली पाचकं जिलेटिनमधलं प्रथिन तोडून टाकतात.

चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. ते घट्ट होतं ३५-४० अंशांना, पण पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या घरात जावं लागतं. लाईट गेली, फ्रिज तासभर बंद, तरी ग्लास जसाच्या तसा. पावसाळ्यात आमच्याकडे हे किती मोलाचं आहे ते किनारपट्टीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याचा दोष म्हणजे जास्त झालं की रबर. लिटरला १० ग्रॅम पट्ट्या घेतल्या तर सुरीने कापावी अशी वडी होते. ग्लासात चमचा अलगद शिरायला हवा, म्हणून ६-७ ग्रॅम पुरे.

हापूसशी ते कसं वागतं ते नीट पाहा. आमरस उकळला की सुगंध गेलाच. म्हणून पट्ट्या भिजवून थोड्याशा पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या आणि ते पाणी रसात ओतायचं. रस फ्रिजमधला गार नको. गार रसाला लागताच चायना ग्रास तिथल्या तिथे आवळतं आणि साबुदाण्यासारखे कण होतात. रस बाहेरच्या हवेइतका, पाणी गरम, हात भराभर. नारळाच्या रसालाही हीच रीत, फक्त तो आधी कोमट करून घ्या. खळखळ उकळलात तर फुटतो, फार गरम ओतलात तर तेलकट सायीचा वेगळाच थर वर येतो.

कोकम वापरणार असाल तर आगळ नको, त्यात मीठ असतं. अमृत कोकम घ्या आणि ते चायना ग्रास खाली उतरवल्यावर मिसळा. आंबटाबरोबर उकळलं तर त्याची पकड सैल पडते. दुधाच्या थरात कोकम गेलं की दूध फाटलं. चक्क्यात गेलं तर काही बिघडत नाही, रंगही सुरेख येतो.

दोन जमणारे थर एकावर एक घालायचे तर खालचा बोटाला चिकटेल इतपत ओला असताना वरचा कोमट ओता. खालचा पार गार, कोरडा झाला तर दोघांची गाठ पडत नाही आणि चमचा घातल्यावर वरची चकती निसटते. तिरपा थर हवा असेल तर ग्लास अंड्यांच्या ट्रेमध्ये कलते ठेवून पहिला थर भरा.

तिसरा मार्ग म्हणजे कशानेच न जमवणं. नीट टांगलेला चक्का आपल्या जोरावर उभा राहतो. माझं मत विचाराल तर सुरुवात यानेच करावी. तळाला कुटलेला मालवणी खाजा, वर चक्का, वर आमरस. खाजाचा आलं-गुळाचा पाक चक्क्याचं पाणी ओढून घेतो, म्हणून रात्री भरलात तर सकाळी लगदा. वाढायच्या दोन तास आधी भरा, म्हणजे बाहेरून मऊ आणि आत कुरकुरीत लागतो. बिस्किटांपेक्षा किती तरी बरा. फेटलेल्या क्रीमचा मोह होईल, पण २५ टक्के फॅटचं साधं क्रीम फेटून उभं राहत नाही, ३०-३५ टक्क्यांचं लागतं. वनस्पती तेलाचं क्रीम उन्हात टिकतं खरं, पण टाळूला मेण चिकटल्यासारखं लागतं आणि हापूसला ते लावणं मला तरी बघवत नाही.

ग्लास

एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास आणि चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी बाजारात ते दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. मातीचं भांडं दिसायला गोड, पण थर दिसत नाहीत, मग हा खटाटोप कशाला? राहिली काच. जाड बुडाच्या काचेत कडकडीत ऐवज ओतू नका, तडकते. ग्लास धुतल्यावर आतून पूर्ण कोरडा हवा, पाण्याच्या थेंबावरून चक्का घसरतो.

आणि दमट हवेचं काय? फ्रिजमधून ग्लास काढला की काही मिनिटांत बाहेरून घाम सुटतो आणि एवढे जपून भरलेले थर दिसेनासे होतात. दुरून आलेले पाहुणे आधी फोटो काढतात, तेव्हा हे नडतं. म्हणून एका वेळी ट्रेभरच बाहेर काढा आणि मांडण्याआधी मलमलच्या फडक्याने पुसा.

होमस्टेला रोज आठ-दहा ग्लास लागत असतील तर चक्का आणि पिशवी, बाकी काही घेऊ नका. वीस-तीस बायकांच्या हळदीकुंकवाला कोकम आणि नारळाच्या रसाचे दोन थर, चायना ग्रास, किटली. आदल्या रात्री करून मोकळं होता येतं. लग्नाची ऑर्डर घेऊन रिक्षाने घाटीतून जायचं असेल तर चायना ग्रासच, आणि वरचा आमरसही त्यातच जमवलेला. ग्लास अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये बसवा, ३० ग्लासांची सोय होते. काठ बोटभर मोकळा ठेवा. आंबापोळीची पट्टी, काजू, केशर जे काही वर लावायचं ते डब्यात वेगळं न्या आणि तिथे पोचल्यावर लावा. नोझलचा चोवीस प्रकारांचा डबा दुकानदार हमखास गळ्यात मारू बघेल. त्या पैशांत अर्धा डझन ग्लास जास्त घ्या, फुटतात ते.