टीमॅक्स १०० हातात धरून: फिल्म शार्प आहेच, हाताचं काय?

कोडॅक टीमॅक्स १०० ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्यावी का असं बरेच जण विचारतात, आणि विचारणारे नव्वद टक्के लोक ट्रायपॉड घरी ठेवून फिरणारे असतात, म्हणून हा रिव्ह्यू फक्त हातात धरून काढलेल्या फोटोंपुरता लिहितोय. ट्रायपॉडवाल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल, तुम्ही डोळे झाकून विकत घ्या, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सहज मिळणाऱ्या फिल्ममध्ये इतका बारीक ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, फारच थोड्या रोलांमध्ये आहे. माझा सेटअप साधाच आहे, निकॉन एफएम२ हा फिल्मचा एसएलआर (लेन्समागच्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा), त्यावर ५० एमएम एफ/१.८ लेन्स, डेव्हलपिंग घरी डी-७६ या डेव्हलपरमध्ये, आणि स्कॅन म्हणाल तर मॅक्रो लेन्स लावून २४ मेगापिक्सेलच्या डिजिटलवर.

आधी डबीवर न लिहिलेली गोष्ट. या फिल्मच्या डेटाशीटमध्ये रिझोल्यूशनचे, म्हणजे किती बारीक तपशील उतरतो त्याचे, दोन आकडे आहेत आणि लोक त्यातला मोठाच सांगत सुटतात. २०० रेघा प्रति मिलिमीटर (एक रेघ म्हणजे एक काळी-पांढरी जोडी) हा आकडा १०००:१ कॉन्ट्रास्टच्या चार्टचा आहे, म्हणजे शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं शेजारी शेजारी, असं दृश्य तुम्हाला रस्त्यावर कुठे दिसणार? दुसरा आकडा १.६:१ कॉन्ट्रास्टचा, तो आहे ६३. केस, कापड, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दगडाचा पोत हे सगळं या दुसऱ्या आकड्याच्या जवळपासचं काम असतं. ६३ सुद्धा वाईट नाही बरं का, पण २०० ऐकून रोल घेणाऱ्याने हे माहीत असूनच घ्यावा.

आता त्या २०० चा अर्थ बघा. मिलिमीटरमध्ये २०० जोड्या म्हणजे एक काळी-पांढरी जोडी ५ मायक्रॉनची. ५० ची लेन्स लावून दहा मीटरवरची वस्तू घेतली की निगेटिव्हवर ती साधारण २०० पट लहान होते, म्हणजे शटर उघडं असताना तुमचा हात इतकासा जरी वळला की त्या दहा मीटरवरच्या भिंतीवर नेम एक मिलिमीटर सरकला, तरी ती बारीक जोडी पुसली गेली. एक मिलिमीटर! श्वास घेतला तरी त्याच्यापेक्षा जास्त हलतो राव आपण. आणि यात एसएलआरचा आरसा खाडकन वर जातो तो धक्का अजून धरलेलाच नाहीये.

१/फोकल लेन्थ हा जो नियम सगळे पाठ म्हणून दाखवतात, म्हणजे ५० एमएमच्या लेन्सला शटर १/६० सेकंद असलं तरी हातात चालतं वगैरे, तो चार बाय सहाच्या प्रिंटसाठी ठीक आहे. त्या प्रिंटमध्ये हललेला फोटो हललाय हे दिसतच नाही. टीमॅक्ससारखी फिल्म मात्र आपण मोठी प्रिंट काढायची म्हणूनच घेतो ना, मग तिथे हा नियम कामाचा नाही.

खात्री करायला घरातलाच चार्ट वापरला, भिंतीवरचं कालनिर्णय. हसू नका, याच्याइतका चांगला चार्ट विकत पण मिळत नाही, तारखेचा मोठा आकडा, त्याखाली तिथी, नक्षत्र, सगळ्या साइझची अक्षरं एकाच पानावर. दोन मीटरवरून ५० च्या लेन्सने घेतलं तर दीडेक मिलिमीटर उंचीचं अक्षर निगेटिव्हवर मिलिमीटरच्या चार शतांश भागाएवढं उतरतं, तिथे फिल्मचा खरा कस लागतो. ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार), एफ/८ (हा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान): स्कॅन पूर्ण झूम करून नक्षत्राचं नाव वाचता येतंय. हातात १/५००: जवळजवळ तेवढंच, जोडाक्षरं थोडी भरलेली. हातात १/१२५: कधी वाचता येतंय कधी नाही, एकाच रोलवर लागोपाठच्या फ्रेममध्ये फरक. हातात १/६०: तारखेचा आकडा एकदम करकरीत आणि खालच्या ओळी म्हणजे राखाडी पट्टे. फिल्म तीच, लेन्स तीच.

आणि एक मजेची गोष्ट त्यात दिसली. १/६० च्या फ्रेममध्ये मधल्या साइझच्या अक्षरांचे काने साफ आणि शिरोरेघ जाड झालेली, काही ठिकाणी तर दोन दोन शिरोरेघा. म्हणजे कॅमेरा वर-खाली हलला, आडवा नाही, म्हणजेच बटण दाबताना उजवा हात खाली जातोय. फोकस चुकला असता तर काना आणि शिरोरेघ दोन्ही सारखेच मऊ झाले असते. फोटो मऊ आला की लोक आधी लेन्सला शिव्या देतात, त्याआधी एकदा देवनागरी पाटीचा फोटो काढून बघा, दोष कुणाचा ते पाटीच सांगते.

बाहेरच्या वापरात मग काय होतं, तर वाईच्या कृष्णाकाठच्या घाटावर उन्हात ही फिल्म अक्षरशः वेड लावते. कडक ऊन, एफ/८ ला १/५००, पायऱ्यांच्या काळ्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा एकेक मोजून घ्या, धुणं आपटणाऱ्या बाईच्या साडीचा काठ वेगळा, पाण्याचे थेंब वेगळे, आणि आकाशात ग्रेन शोधावा लागतो. फक्त जवळचं-लांबचं सगळं शार्प पाहिजे म्हणून एफ/१६ ला जाऊ नका, तिथे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो, लेन्स कितीही महागडी असली तरी नव्वदेक रेघांच्या वर काही जात नाही, शिवाय शटर १/१२५ ला येऊन बसतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. उलट पूर्ण उघडून एफ/१.८ ला गेलात तर लेन्स स्वतःच मऊ होते. एफ/५.६ ते एफ/८ एवढीच काय ती गोड जागा.

आणि ढग आले की संपलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे जो उजेड असतो त्यात १०० आयएसओला (फिल्मच्या प्रकाश टिपण्याच्या वेगाचा आकडा) एफ/८ वर १/१२५ मिळालं तरी नशीब, सावलीत त्याच एफ/८ ला १/३०. पुण्यात महात्मा फुले मंडईच्या आत शिरलात, तो अष्टकोनी मनोरा आणि दगडी कमानी बाहेरून कितीही फोटोजेनिक असल्या तरी आतल्या गाळ्यांमध्ये एफ/२.८ ला १/१५ येतं, आणि भाजीवाल्या मावशी तराजू धरून तुमच्यासाठी थांबत नाहीत. तिथे टीमॅक्स १०० म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. त्याच गाळ्यात ४०० ची फिल्म टाकली तर १/६० मिळतं, खांबाला खांदा टेकवून ते जमून जातं, आणि फोटोतल्या दराच्या पाटीवरचं "मेथी" वाचता येतं. ग्रेन दिसतो, दिसू दे की! ग्रेनमागे अक्षर आहे. टीमॅक्सच्या फ्रेममध्ये ग्रेन नाही आणि अक्षर पण नाही.

कोडॅकच्याच आकड्यांत सांगायचं तर ग्रॅन्युलॅरिटी (ग्रेनचा खरखरीतपणा, आकडा कमी तितका बारीक) टीमॅक्स १०० ची ८, टीमॅक्स ४०० ची १० आणि कोडॅकच्याच ट्राय-एक्स ४०० या दुसऱ्या फिल्मची १७. म्हणजे टीमॅक्सच्या घरातच १०० वरून ४०० ला गेलात तर ग्रेनमध्ये किरकोळ फरक पडतो आणि शटर मात्र चौपट फास्ट मिळतं. हातात कॅमेरा धरणाऱ्याला याहून चांगला सौदा कुठला? माझं म्हणणं एवढंच आहे की हातातल्या फोटोचा शार्पनेस शटरमधून येतो, फिल्मच्या रिझोल्यूशनची पाळी त्याच्यानंतर.

लॅब स्कॅनबद्दल पण बोलायला पाहिजे कारण तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. नेहमीच्या साध्या पॅकेजमध्ये ३००० बाय २००० पिक्सेलच्या आसपासची फाइल देतात, निगेटिव्ह ३६ मिलिमीटर रुंद, हिशोब करा, मिलिमीटरला ८३ पिक्सेल, म्हणजे जास्तीत जास्त ४१ जोड्या. फिल्ममध्ये काय होतं ते गेलं कचऱ्यात. एका लॅबने तर वर भरमसाट शार्पनिंग मारून दिलं होतं, कडांना पांढऱ्या रेघा, ग्रेनचे खडे झालेले, आणि लोक म्हणतात टीमॅक्सला ग्रेन फार आहे! २४ मेगापिक्सेलने घरी काढलं तर ८३ जोड्यांपर्यंत जाता येतं, तेवढं हातातल्या फोटोला पुरून उरतं. प्रिंटचंच बघायचं तर आठ बाय बारा म्हणजे साडेआठ पट एन्लार्जमेंट, हातात धरून बघताना डोळ्याला कागदावर मिलिमीटरला पाच-सहा रेघा दिसतात, म्हणजे निगेटिव्हवर पन्नासेक असल्या की बास. बारा बाय अठरा आणि त्याच्या पुढे जाणार असाल तरच टीमॅक्स १०० ची खरी गरज सुरू होते, आणि तेव्हा ट्रायपॉड पण लागतोच.

डेव्हलपिंगला ही फिल्म जरा नखरेल आहे. १९८६ साली आली तेव्हापासूनच, चपट्या क्रिस्टलची असल्यामुळे टेम्परेचर आणि वेळ इकडे तिकडे झालं की कॉन्ट्रास्ट लगेच हलतो. उन्हाळ्यात नळाचं पाणीच २८-३० डिग्री असतं, तेव्हा बर्फाच्या ट्रेमध्ये बाटली ठेवून २० ला आणल्याशिवाय सुरुवात करू नका. निगेटिव्ह गुलाबी दिसली तर घाबरू नका, फिक्सर (निगेटिव्ह पक्की करणारं रसायन) थकलाय किंवा वेळ कमी पडलाय, ताज्या फिक्सरमध्ये परत टाका आणि भरपूर धुवा. जुने लग्नवाले फोटोग्राफर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल कसाही धुतला तरी चालायचा म्हणतात, तसले लाड इथे नाहीत.

तरीही हातातच वापरायची असेल तर एक स्वस्त जुगाड सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची ट्रायपॉडच्या आट्यांचा छोटा स्क्रू आणा, त्याला सुतळी बांधा, स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला लावा, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून ताण द्या. वर-खाली हलणं बऱ्यापैकी थांबतं, शिरोरेघ बारीक होते. स्क्रू लांब घेऊ नका, जोर लावून आत पिळला तर कॅमेऱ्याचं बूड फुटेल. श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा, कोपरं पोटाशी, आणि एकाच सीनच्या तीन फ्रेम घ्या, मधली बहुतेक वेळा सगळ्यात चांगली निघते.

रेटिंग द्यायचं तर उन्हात पाचपैकी साडेचार, ढगाळ हवेत अडीच, मंडईत शून्य. रोलचा भाव दुकानागणिक बदलतो आणि हजाराच्या आसपास तयारी ठेवावीच लागते, त्यामुळे मी तरी पावसाळ्याच्या आधी स्टॉक करत नाही, दिवाळीनंतर घेतो. चार जण मिळत असाल तर सलग फिल्मचा १०० फुटी डबा मागवा, ३६ फ्रेमचे अठराएक रोल निघतात, फक्त लोडरची (डब्यातली फिल्म रोलमध्ये भरायचं साधन) फेल्ट, म्हणजे फटीतली मखमल, आधी झटकून घ्या, नाहीतर प्रत्येक फ्रेमवर लांबलचक ओरखडा येतो.