क्वाड्रो एम४००० की क्वाड्रो पी२०००? जुन्या वर्कस्टेशन कार्डांवर गेम खेळायचे असल्यास

वापरलेले वर्कस्टेशन कार्ड, म्हणजे व्यावसायिक कामासाठी बनवलेले ग्राफिक्स कार्ड, घेऊन त्यावर गेम खेळण्याचा विचार करणाऱ्याची निवड बऱ्याचदा एनव्हिडियाच्या या दोन कार्डांपाशी येऊन अडते. क्वाड्रो एम४००० हे २०१५ मधले, ८ जीबी मेमरीचे आणि १६६४ कूडा कोअरचे (कोअर म्हणजे चिपमधला गणना करणारा छोटा भाग). क्वाड्रो पी२००० हे २०१७ मधले, ५ जीबी मेमरीचे आणि १०२४ कोअरचे. एवढे आकडे वाचल्यावर एम४००० उचलावे असे कोणालाही वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तरीही बहुतेक खेळांत पी२००० त्याच्या बरोबरीने चालते, काही ठिकाणी थोडे पुढेही जाते. असे का होते, आणि तसे असूनही एम४००० कोणी घ्यावे, हे पाहण्यासारखे आहे.

कोअरची संख्या एकाच पिढीतल्या कार्डांची तुलना करताना उपयोगी पडते. पिढी बदलली की तिच्यावर विसंबून चालत नाही. एम४००० मध्ये मॅक्सवेल पिढीची जीएम२०४ चिप आहे, म्हणजे गेमिंगच्या जीटीएक्स ९७० मध्ये होती तीच, आणि चालू ठेवलेले कोअरही तितकेच. फरक घड्याळाचा, म्हणजे चिप ज्या गतीने चालते तिचा आहे. जीटीएक्स ९७० ची मूळ गती १०५० मेगाहर्ट्झ होती आणि बूस्टमध्ये, म्हणजे चिप स्वतःहून गती वाढवते तेव्हा, ती त्याहून वर जात असे, तर एम४००० ची गती सुमारे ७७३ मेगाहर्ट्झवर बांधलेली आहे, कारण हे कार्ड एकाच स्लॉटच्या जाडीत बसवून त्याचा वीजवापर १२० वॅटमध्ये ठेवायचा होता. पी२००० मधली पास्कल पिढीची जीपी१०६ चिप जीटीएक्स १०६० ची आहे. इथे कोअर कापून १०२४ वर आणले आहेत, पण बूस्ट गती सुमारे १४८० मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळपास दुप्पट आहे. गणिताच्या कच्च्या क्षमतेत त्यामुळे एम४००० सुमारे २.६ टेराफ्लॉप्सवर थांबते आणि पी२००० सुमारे ३ टेराफ्लॉप्सपर्यंत पोहोचते (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते). कोअर दोन तृतीयांशाहूनही कमी, आणि क्षमता साधारण सहाव्या हिश्शाने जास्त.

मेमरीच्या बाबतीत मात्र पारडे उलट झुकते. एम४००० मध्ये २५६ बिटांच्या मार्गावर जीडीडीआर५ मेमरी असून तिचा वेग सेकंदाला १९२ जीबी आहे. पी२००० चा मार्ग १६० बिटांचा आणि वेग सेकंदाला १४० जीबी. (५ जीबी हा विचित्र आकडा त्यातूनच आला आहे: जीपी१०६ मध्ये ३२ बिटांचे सहा मेमरी नियंत्रक असतात, त्यातला एक इथे बंद ठेवलेला आहे.) पास्कलमध्ये रंगांच्या माहितीचे संकोचन सुधारले असल्यामुळे हे अंतर खेळात दिसताना कागदावरच्याइतके मोठे राहत नाही, तरी ते पूर्ण मिटतही नाही. रिझोल्यूशन वाढवले किंवा कडा गुळगुळीत करणारी जड सेटिंग लावली, तर एम४००० चा रुंद मार्ग कामाला येतो. जीटीएक्स ९७० च्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ असल्यावरून एके काळी बराच गदारोळ झाला होता. एम४००० मध्ये तो दोष नाही, त्याची आठही जीबी मेमरी पूर्ण मार्गाने वापरता येते.

८ जीबीचे आकर्षण कितपत खरे आहे, हा या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मेमरी कमी पडली म्हणून फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) हळूहळू उतरत जात नाही. खेळ अडखळू लागतो. टेक्सचर, म्हणजे खेळातल्या वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे, कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत की ते संगणकाच्या रॅममधून आणावे लागतात, आणि दोन्ही कार्डांची पीसीआय एक्सप्रेस ३.० जोडणी एका दिशेने सेकंदाला जेमतेम १६ जीबी माहिती वाहते. सेकंदाला १४० जीबीची सवय असलेल्या चिपला त्या क्षणी नुसते थांबून राहावे लागते, आणि सरासरी फ्रेमरेट चांगला दिसत असूनही मान वळवताना किंवा नव्या भागात शिरताना चित्र गचके खाते. त्यामुळे टेक्सचर वरच्या पातळीवर ठेवून खेळणाऱ्याला, किंवा खेळात बाहेरची मोठी टेक्सचर भरणाऱ्याला, ८ जीबीचा फायदा खराखुरा जाणवेल. टेक्सचरची पातळी वाढवल्याने चिपवर फारसा भार पडत नाही, मेमरी मात्र भरते, आणि हीच एक गोष्ट एम४००० ला आपल्या वयापेक्षा तरुण ठेवते.

पण त्या मेमरीचा अर्थ फार ताणू नये. जे नवे खेळ ८ जीबी भरून टाकतात ते बहुतेक वेळा २.६ टेराफ्लॉप्सच्या चिपला आधीच दमवून टाकतात. मेमरी शिल्लक राहते आणि फ्रेम मिळत नाहीत. सायबरपंक २०७७ ची किमान अपेक्षा नंतर वाढवून जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी आवृत्तीवर नेण्यात आली. पी२००० तिथे मेमरीतही कमी पडते आणि कोअरमध्येही. एम४००० मेमरीत पास होते, पण क्षमतेत आणखी मागे राहते. रेड डेड रिडेम्प्शन २ साठी हेच ६ जीबीचे कार्ड किमान नव्हे तर शिफारस केलेले कार्ड आहे, म्हणून तो खेळ दोन्हींवर मध्यम सेटिंगला १०८०पी मध्ये खेळण्याजोगा राहतो. २०१५ च्या आसपासचे ग्रँड थेफ्ट ऑटो ५ सारखे खेळ आणि हलके स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ यांत दोन्ही कार्डे सुखाने चालतात, आणि असे खेळ हेच तुमचे मुख्य काम असेल तर मेमरीचा मुद्दा बाजूला ठेवूनच निर्णय घ्यावा.

नव्या खेळांचे काही दरवाजे दोन्हींना सारखेच बंद आहेत. रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या रंगवण्याचे) हार्डवेअर नाही, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणारे एनव्हिडियाचे तंत्र) चालत नाही, मेश शेडर (आकार चितारण्याची नवी पद्धत) नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस हे खेळ रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे ते यादीतून वगळावेत. रिझोल्यूशन वाढवणारे एएमडीचे एफएसआर हे तंत्र मात्र दोन्हींवर वापरता येते. इंटेलच्या एक्सईएसएस या तशाच तंत्राच्या बाबतीत पी२००० वरचढ आहे, कारण त्याला लागणारी डीपी४ए ही सूचना पास्कलमध्ये आहे आणि मॅक्सवेलमध्ये नाही. ग्राफिक्सचे आणि गणनेचे काम एकाच वेळी वाटून देण्यातही पास्कल अधिक लवचीक आहे, आणि डायरेक्टएक्स १२ वर बेतलेल्या खेळांत त्याचा थोडा लाभ मिळतो. ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बाजूने निवड करण्यासारखे काही उरलेले नाही: एनव्हिडियाने ५८० ही शाखा मॅक्सवेल आणि पास्कल या दोन्ही पिढ्यांसाठी शेवटची ठरवली आहे, त्यामुळे नव्या खेळांसाठीच्या सुधारणांची वाट दोघांनीही पाहू नये.

वीज आणि जागा

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो, आणि कार्डांची तुलना करणारे बहुतेक लोक इथे सर्वांत शेवटी पोहोचतात. पी२००० चा वीजवापर ७५ वॅट आहे, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जेवढी वीज देऊ शकतो तेवढाच. त्याला वेगळी वायर लागत नाही. एम४००० ला सहा पिनांची वेगळी जोडणी लागते. कार्यालयांतून निवृत्त झालेल्या ज्या टॉवर संगणकांत अशी कार्डे बसवण्याचा बेत असतो, त्यांच्या पॉवर सप्लायला ही जोडणी बहुधा नसते, आणि पुष्कळदा तो सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा असल्यामुळे सहज बदलताही येत नाही. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीतून सहा पिनांची जोडणी करणारा अडॅप्टर स्वस्तात मिळतो, परंतु एका साटा जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॅटच सुरक्षितपणे घेता येतात, तर सहा पिनांच्या जोडणीकडून ७५ वॅटपर्यंत मागणी होऊ शकते. तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. पॉवर सप्लाय बदलावा लागणार असेल तर त्याची किंमत एम४००० च्याच किमतीत धरावी, आणि मग दोन्हींची तुलना करावी. स्वस्त वाटणारे कार्ड त्यानंतर स्वस्त राहतेच असे नाही.

लांबीही तपासून घ्यावी. एम४००० सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे, पी२००० सुमारे २०. दोन्ही एकेरी स्लॉटची आहेत, पण दोन्ही पूर्ण उंचीची आहेत. चपट्या कॅबिनेटमध्ये यांपैकी एकही बसणार नाही, आणि पी२००० छोटे असल्याच्या समजुतीने ते अशा कॅबिनेटसाठी मागवणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. रोजच्या खर्चाचा विचार केल्यास, पूर्ण भारावर दोन्हींत ४५ वॅटचा फरक आहे. रोज तीन तास खेळणाऱ्याचे त्यापायी वर्षाला सुमारे ४९ युनिट जास्त जळतात. हा आकडा निवड फिरवण्याइतका मोठा नाही. मात्र तीच उष्णता एका पातळ हीटसिंकमधून आणि एका छोट्या पंख्याने बाहेर काढायची असल्यामुळे एम४००० चा आवाज अधिक जाणवतो.

दोन्हींच्या मागे चार डिस्प्लेपोर्ट आहेत आणि एचडीएमआय एकही नाही. १०८०पी मॉनिटरसाठी साधा अडॅप्टर पुरतो. पी२००० चे पोर्ट १.४ आवृत्तीचे आहेत, एम४००० चे १.२ चे, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याची सोय) असलेला मॉनिटर वापरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. खेळाबरोबर चित्रपटही याच संगणकावर पाहणार असाल, तर दहा बिटांचे एचईव्हीसी आणि व्हीपी९ या संकोचन पद्धतींतले व्हिडिओ पी२००० हार्डवेअरमध्ये उलगडते, एम४००० चा बराचसा भार प्रोसेसरवर पडतो. एव्ही१ ही नवी पद्धत दोन्हींना येत नाही.

कोणी काय घ्यावे

साध्या पॉवर सप्लायच्या टॉवरमध्ये, आत फारसे काही न बदलता, कार्ड बसवून खेळायला बसायचे असेल तर पी२००० घ्यावे. त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी ते वाया जात नाही, कारण ते पैसे वायर, सप्लाय आणि उष्णता यांच्यावर वाचतात. सहा पिनांची जोडणी आधीच हाताशी असेल, टेक्सचर वरच्या पातळीवर ठेवायचे असतील, आणि एम४००० स्पष्टपणे स्वस्त मिळत असेल, तर ते घेण्यात शहाणपणा आहे. दोन्हींची किंमत सारखी असताना केवळ ८ जीबी पाहून एम४००० घेणे मला पटत नाही. आणि ज्याच्या संगणकात ऐसपैस जागा आणि चांगला पॉवर सप्लाय आहे, त्याने या दोन्हींकडे वळण्याआधी तेवढ्याच पैशांत जीटीएक्स १०६० ची ६ जीबी आवृत्ती किंवा एएमडीचे आरएक्स ५८० मिळते का ते पाहावे. क्वाड्रोला गेममध्ये नावाचा वेगळा फायदा काही नाही. फक्त स्लॉटच्याच विजेवर भागवायचे असेल, तर जीटीएक्स १६५० हाही पी२००० चा तगडा प्रतिस्पर्धी आहे, त्याची मेमरी ४ जीबी असली तरी.

विकत घेताना विक्रेत्याकडून जीपीयू-झेड या कार्डाचा तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली माहिती मागवावी आणि तिच्यात एम४००० साठी १६६४ कोअर व २५६ बिट, पी२००० साठी १०२४ कोअर व १६० बिट हेच आकडे दिसतात का ते पडताळावे. कार्ड हाती आल्यावर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि घड्याळाची गती दोन्ही पाहावीत. तापमान चढत असताना गती ठरलेल्या आकड्याखाली घसरत असेल, तर कार्ड परत करण्यापूर्वी हीटसिंकमधली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून पाहता येते, मात्र त्यासाठी कार्ड उघडल्यावर ते परत घेतले जाईल का, हे विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावे.