गिटारचं डबलिंग: डिले की डिट्यून?

एकच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड केला की गिटार भरदार वाटते, कारण दोन टेक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. वेळ पुढेमागे होते, सूरही किंचित हलतो. 1966 मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी जोडीला दुसरं टेप मशीन लावून हेच काम एका टेकमधून साधलं. गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरवर त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली छोट्या डिलेची, म्हणजे किंचित उशिरा वाजणाऱ्या नकलेची: 20 ते 30 मिलिसेकंद, फीडबॅक (नकलेची पुन्हापुन्हा येणारी आवर्तनं) शून्य, मूळ आवाज डावीकडे, डिले उजवीकडे. हेडफोनवर गिटार एकदम रुंद होते. पण वेळेतला फरक हलतच नाही, म्हणून दुसरा वादक असल्याचा भास होत नाही. डिले आणखी वाढवला तर पिकचा एक घाव दोनदा ऐकू येतो. खरी पंचाईत मोनो पीएवर, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून वाजवणाऱ्या कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमवर. दोन्ही आवाज एकत्र येताच काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात आणि रिफ पोकळ वाटतो.

दुसरी वाट डिट्यूनची, म्हणजे नकलेचा सूर किंचित हलवण्याची: त्यासाठी पिच शिफ्टरवर (सूर वरखाली करणारा इफेक्ट) 6 ते 8 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) पुरतात. मोनोत कोरस इफेक्टसारखी लहर येते, ती खपून जाते. हा इफेक्ट ब्लॉक मात्र डिस्टॉर्शननंतरच (आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टनंतर) ठेवा, आधी ठेवलात तर कॉर्ड गढूळतात.

लाइव्हसाठी मी डिट्यूनच निवडेन. स्टिरिओ रेकॉर्डिंगला डिले घ्या, पण त्याला अगदी संथ मॉड्युलेशन द्या, म्हणजे त्याची वेळ हळूहळू पुढेमागे होऊ द्या: डिलेची वेळ सरकली की सूरही आपोआप हलतो. टेपवरही हेच घडत होतं.